चारोळीच्या टेकडीवरचा संशयित

ती घटना आठवली की आजही हसू येतं. त्या दिवशी मात्र दोन गावं काठ्या घेऊन एकमेकांवर धावून जायची वेळ आली होती.

मी तेव्हा कारंजा (घाडगे) भागात ठाणेदार होतो. मे महिन्यात एका गावची मंडळी तक्रार घेऊन ठाण्यात आली. त्यांच्या गावामागच्या खडकाळ टेकडीवर, साग आणि तेंदूच्या मधे, चारोळीची बुटकी झाडं आहेत. फळं पूर्ण पिकल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा गावाचा नियम. यंदा कुणीतरी आधीच फांद्या मोडून झाडं ओरबाडली होती. संशय शेजारच्या गावावर.

दुपारी एका गुराख्याचा फोन आला. "साहेब, काल शेजारच्या गावचा एक पोट्टा टेकडीवरून पळत येऊन राह्यला होता."

त्याला चौकशीला बोलावलं. पंचविशीतला धट्टाकट्टा गडी, बोटं फळांच्या रसानं जांभळी. पंचाईत अशी, की तक्रारदारांच्या म्होरक्याच्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं. भावी सासरा बाहेर बाकावर बसून गरजत होता, "चोराले पोरगी देनार नाई!"

मी विचारलं, "फळं खाल्लीस?"

"मूठभर खाल्ली साहेब. पन फांदी नाई मोडली."

"मग पळालास कशाला?"

तो मान खाली घालून जांभळी बोटं चोळू लागला. चोर कारणं पटापट सांगतो, लाजलेला माणूस तोंड उघडत नाही, हे नोकरीत शिकलो होतो. शिपायाला चहा आणायला धाडलं आणि दार लोटून घेतलं. तेव्हा तो पुटपुटला, "अस्वल होतं साहेब. सासऱ्याले सांगतलं होतं, मी वाघालेबी भेत नाई. आता कोन्या तोंडानं सांगू?"

नुसत्या शब्दावर सोडणं शक्य नव्हतं. वनरक्षक, दोन्ही गावचे पंच आणि सासरा-जावई दोघांना घेऊन टेकडी चढलो. पंचनाम्यात एकाही फांदीवर कुऱ्हाडीचा घाव आढळला नाही. मगरीच्या पाठीसारख्या खरबरीत सालीवर नखांचे ताजे ओरखडे होते आणि बुंध्याशी पडलेल्या विष्ठेत चारोळीच्या बियाच बिया.

वनरक्षक म्हणाला, "हे अस्वलाचंच काम. आरोपी सापडला. अटक तुम्ही करता का मी करू?"

सगळे हसत सुटले. सासऱ्यानं जावयाच्या पाठीवर थाप मारली. "अस्वल पाहून पळाला, म्हनजे शहाना हाय. देतो पोरगी!"

पळणारा माणूस दिसला की पोलिसाचे पाय आपोआप त्याच्यामागे धावतात. तो कशाला भिऊन पळतोय, हे आधी पाहावं, एवढं त्या टेकडीनं मला शिकवलं.