कुठला अनंत?

मी आज जो काही आहे तो आमच्या घरमालक अण्णांमुळे, आणि अनंताची उलटतपासणी घेणारा असा दुसरा माणूस जगात नाही, ही दोन्ही विधानं मी सिद्धतेशिवाय मांडतो. अण्णा गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की त्यांच्या मराठीत कन्नड, कॉफीतल्या चिकोरीसारखी मिसळून गेली आहे. चिकपेटमधल्या त्यांच्या घराची वरची खोली मी घेतली ती संशोधनसंस्थेच्या मुलाखतीच्या तयारीपुरती. निवड झाली नसती तर गावी परतून मामाच्या खतांच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पदवीच्या पुढेही काही असतं, हे आईवडिलांना पटवायची तेवढी एकच संधी होती.

अण्णांचं म्हणणं, अनंताला घरात जरूर घ्यावं, पण नाव-गाव विचारून. बायकोबरोबर, म्हणजे अक्कांबरोबर, साडी घ्यायला गेले आणि साडीवाला म्हणाला, "डिझाइनं अनंत आहेत," की हे विचारणार, "मोजता येणारा अनंत, की न येणारा?" शेवटी त्याने हात जोडले, "पुढच्या वेळी अक्कांना एकट्यांनाच पाठवा." घरी अक्का ओरडत, "अहो, कॉफी निवली! तुमचा अनंत काही पळून जात नाही." "कुठला?" अण्णा मान वर न करता विचारत.

पहिल्याच दिवशी मी शाळेत शिकल्याप्रमाणे ठणकावून सांगितलं, अनंतातून अनंत वजा केला की शून्य. अण्णांनी कपाळाला हात लावला.

"स्वल्प थांब, जरासा. एक, दोन, तीन अशा सगळ्या संख्या घे. सम काढून टाक. काय उरलं?"

"विषम. म्हणजे अनंतच."

"सरी, बरोबर. आता परत सगळ्या घे आणि तीनच्या पुढच्या काढ."

"तीनच उरल्या."

"दोन्ही वेळा अनंतातून अनंतच काढलास ना रे? मग तुझं शून्य कुठे गेलं?"

कृष्णविवराच्या मध्याशी घनता अनंत येते म्हटलं, तर म्हणत, "ते उत्तर नव्हे. समीकरण हात टेकून सांगतंय, पुढचं मला विचारू नका." फक्त एका ठिकाणी ते नरम पडत. अंतर अनंत झालं की गुरुत्वाकर्षणाची ओढ शून्य होते, हे त्यांना मान्य होतं. "तिथे कुणी राहायला जात नाही, म्हणून चालतं."

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, गुरुत्वाकर्षणाच्या गणितात दोन अनंत समोरासमोर आले, वजा करून काय लिहाल? शाळेतलं शून्य ओठांवर आलं, पण बाहेर पडलं ते भलतंच: "कुठला अनंत, मॅडम? दोघे कुठल्या वाटेने आलेत?" बाई हसल्या आणि खडू पुढे केला. "हेच तर विचारायचं असतं. या, फळ्यावर दाखवा."

निवडीची बातमी अण्णांनी चिकपेटभर केली. "आमचा मुलगा गुरुत्वाकर्षणात लागला!" जणू ते वीज मंडळाशेजारचं एखादं खातं. ओळखीच्या रिक्षावाल्याने विचारलं, "पर्मनंट आहे का, अण्णा?" अण्णा ताठ मानेने म्हणाले, "गुरुत्वाकर्षण आणखी काय असणार?"

आता पुढच्या संशोधनासाठी मी परदेशात आलोय. इथून पहिलं पत्र त्यांनाच धाडलं.

"तीर्थस्वरूप अण्णांना साष्टांग नमस्कार. खोली बरी आहे, कॉफी वाईट. अक्कांना सांगा, जेवतो वेळेवर. तुमच्या घरापासून इथलं अंतर काढून पाहिलं. पुष्कळ आहे, पण मोजता येतं. म्हणजे ओढ शून्य झालेली नाही. आणि स्वल्प झाली, असंही म्हणवत नाही."