काकूंचा डबा रिकामा जात नाही

मंडळी, सकाळपासून तुमचे मेसेज नुसते बघतेय. सगळ्यांना एकदाच लिहिते. घरचे सुखरूप आहेत. बाग गेली.

काल मोबाईलवर वादळाची लाल रेघ समुद्रातूनच गुजरातकडे वळलेली दिसत होती. आपल्याला फक्त शेपटाचा वारा लागेल, असं सगळेच म्हणत होते. त्याच वाऱ्याने पहाटे तारा ताणून धरणारा बांधाकडचा एक लोखंडी अँगल वाकला आणि तारांनी ओढून द्राक्षांचा सगळा मांडव घडांसकट जमिनीवर आणला.

मी नाशिकहून पिंपळगावजवळच्या मळ्यात पोचले, तेव्हा आई-बाबा ओट्यावर बसले होते. गॅस पेटलेला नव्हता.

दुपारी शेजारच्या शोभाकाकू डब्यात पिठलं-भाकरी घेऊन आल्या. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की शेजारी असा कडू घास आणतात.

"तुमची बाग?" आईने विचारलं.

"ती बी झोपली. पन पोटाला काय कळतंय, वहिनी? खा दोन घास."

आम्ही जेवलो. कोणी रडलं नाही. मला अजूनही रडू आलेलं नाही. असं होतं का हो कुणाला?

आई धुतलेला डबा हातात धरून उभी राहिली. काकूंचा डबा आमच्याकडून रिकामा जात नाही, बागेत घड असले की द्राक्षंच जातात. शेवटी तिने चिखलातला एक घड उचलला, नळाखाली धुतला आणि डब्यात ठेवला. हिरवागार, कच्चा.

काकूंनी तिथेच एक मणी तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"गोड हाय, वहिनी."