येळवशीच्या तीन भज्ज्या

माझ्या लेकरांनो, परवा फोनवर तुम्हा दोघांत वाद लागला होता. ज्याला त्याला आपल्या पद्धतीनं करू दिलं की काम जास्त चांगलं होतं, असं एकाचं म्हणणं. सांगणारं कुणी नसलं की गोंधळ होतो, असं दुसरीचं. तेव्हा तुमची झोपायची वेळ झाली होती, म्हणून मी मध्ये बोलले नाही. पण मला चाकूरजवळच्या आपल्या शेतातली येळवस आठवत होती. विसरायच्या आत लिहून काढते.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या मार्गशीर्ष अमावस्येला लातूरकडे सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची झोपडीवजा कोप उभारून तीत पाच दगडांची पूजा करतात, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील पिकावर शिंपडतात, आणि मग भज्जी. तळलेली भजी नव्हेत. तूर, वाल, वाटाणा, हरभरा आणि पालेभाजी बेसन लावून शिजवलेली.

आपल्याकडे ती माझ्या थोरल्या जाऊबाई करायच्या, म्हणजे तुमची थोरली आज्जी. मी नांदेडहून आणि धाकटी जाऊ लातूर शहरातून आदल्या दिवशी गावी जायचो आणि शेंगा सोलायचो. पातेल्याला हात लावायचा नाही. बेसन, फोडणी, मीठ, सगळं त्याच बघणार. शाळेत मी वर्षानुवर्षं वेळापत्रकं केली, त्यामुळे एकाच्या हुकमात काम चालणं मला पटायचं. फक्त जेवण शेतात पोचायला उशीर व्हायचा, आणि आपले पाहुणे तोवर शेजारच्या शेतात जेवून हात धूत असायचे.

मग थोरलींचे गुडघे दुखायला लागले. एका येळवशीला शेतातून परतताना त्या म्हणाल्या, "लई झालं. पुढच्या साली आचारी सांगा, न्हाई तर बंद करा."

"आक्का, आचाऱ्याच्या हातचंच खायचं तर शेतात कशाला?" धाकटी म्हणाली. "एखाद्या हॉलात पंख्याखाली बसू."

"बसा की. मी कुठं अडवून राहिले?"

त्या गमतीनं बोलत नव्हत्या. घरची येळवस मोडणार, या विचारानं मला वर्षभर चैन पडलं नाही. शेवटी मीच सुचवलं: तिघींनी आपापल्या घरी, आपल्या मनासारखी भज्जी करून आणायची. कुणी कुणाला विचारायचं नाही. ठरलेली फक्त पूजेची वेळ.

"करा," थोरली म्हणाल्या. "माणसांनी न्हाई खाल्लं तर बैलं हायतच."

त्या वर्षी तिन्ही पातेली वेळेवर कोपीपाशी आली. तुमच्या आजोबांनी दगडांना हळदकुंकू वाहिलं आणि हात पुढं केला. "आंबील द्या."

आम्ही तिघींनी एकमेकींच्या पिशव्या चाचपल्या. आंबील कुणीच आणली नव्हती.

"मला वाटलं, तुम्ही आता वेगळ्या कारभारणी झालात, तुम्ही आणाल," थोरली म्हणाल्या.

"आक्का असताना आंबिलीला हात लावायची माझी काय बिशाद?" धाकटी म्हणाली.

आंबील आंबायला रात्र जावी लागते, आणि तिच्यावाचून पूजा पुरी होत नाही. धाकटीनं डबाभर भज्जी उचलली आणि बांध ओलांडून शेजारच्या शेतात गेली. परतली ती आंबिलीचं मडकं घेऊन. मागं शेजारच्या म्हाताऱ्या काकू आणि त्यांची निम्मी पंगत होती.

"तीन भज्ज्या हायत म्हणं," काकू म्हणाल्या. "बघू तर."

पूजा झाली, आंबील शिंपडली, आणि पंगत आपल्याकडं बसली. माझ्या भज्जीला काकूंनी "दवाखान्यातून आलेल्याला बरी हाय" असं प्रशस्तिपत्र दिलं. धाकटीचं माहेर तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचं, त्यामुळे तिच्या भज्जीत चिंच आणि तिखट सढळ. थोरलींनी ती चाखली, डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "चिंच किती ओतलीस ग?" मग तीच पुन्हा वाढून घेतली. स्वतःचं पातेलं रिकामं झालेलं मात्र त्यांनी दोनदा वाकून बघितलं.

म्हणून तुमच्या परवाच्या वादात तुम्ही दोघंही थोडे थोडे जिंकलात. भज्जी जिची तिनं आपल्या मनानं करावी. आंबील मात्र एकीला नाव घेऊन सांगावी लागते. ती आम्ही थोरलींवर सोपवली आहे, आणि आदल्या दिवशी मी फोन करून खात्री करते.

आचारी काही अजून सांगितलेला नाही. येळवशीचा स्वयंपाक अजूनही आपल्या तीन घरांत होतो आणि आपल्याच शेतात जेवला जातो.