गिरवलेल्या रेघा

चित्रकलेच्या बाई म्हणजे भलतं कडक प्रकरण. तीस वर्षं त्यांनी शाळेतल्या पोरांच्या वह्यांवर वाकून रेघा सरळ केल्या. कुणाच्या चित्रातलं घर कललेलं दिसलं, की बाई त्याच्याच हातातली पेन्सिल काढून घ्यायच्या आणि घर ताठ उभं करून द्यायच्या. पोरगं बिचारं आपलं बघत राहायचं. शाळा सुटली, पण खोड काही सुटली नाही.

बाईंचे यजमान कचेरीत नकाशे काढायचे. तिथं त्यांना ‘बिनपट्टीचे’ म्हणत. पट्टी न लावता हातभर रेघ ओढतील आणि केसभर हलणार नाही, असा हात. निवृत्त झाले नि दोन वर्षांत कंपवातानं गाठलं. कपातला चहा निम्मा शर्टावर. दवाखान्यामागच्या खोलीत अशा माणसांचा व्यायामवर्ग चालायचा, तिथं ते जाऊ लागले. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, “काका, चित्रं काढा. हात चालता राहू दे.” काकांनी मनावरच घेतलं! किटली, छत्री, गॅलरीतली खुर्ची, दिसेल ते काढत सुटले. आठ महिन्यांत बावीस चित्रं झाली.

पुढं त्या वर्गाचं भाडं थकलं नि तो बंद पडायची वेळ आली. तेव्हा बाईच म्हणाल्या, “आपल्या घरी प्रदर्शन भरवू. यांची चित्रं विकू आणि पैसे वर्गाला देऊ.” यजमान आधी “छे छे” म्हणाले, मग हळूच विचारलं, “शर्ट कुठला घालू?”

इथवर सगळं उत्तम होतं. पण चौकटी करायला टाकायच्या आधी बाईंनी चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि एकेक रेघ तपासायला घेतली. एक रेघ धड नाही. लोक हसतील, नाहीतर त्याहून वाईट, कीव करतील. यजमान वर्गाला गेल्यावर त्यांनी काळी शाई काढली. म्हटलं, किटलीची तोटी तेवढी सावरू. तोटी सावरली तर झाकण वाकडं दिसायला लागलं. मग छत्री, मग खुर्ची. आठवडाभरात बाईंनी एकवीस चित्रं गिरवून चोख केली. बाविसावं काही केल्या सुधारण्यासारखं नव्हतं, ते कपाटामागं सारलं. यजमानांनी विचारलं तर म्हणाल्या, “आता भिंतीवरच बघा की!”

रविवारी दुपारी शेजारपाजारच्या खुर्च्या आणल्या, टीव्ही आत हलवला. वर्गातली मंडळी आली, शेजारी आले. यजमान निळा शर्ट घालून बाहेर आले.

“वा! या आजारात असा हात?” कुणीतरी म्हणालं. “रेघ बघा हो, रेघ!”

वर्गातल्या एक आजी, ज्यांची मान सारखी हलायची, आपल्या हातांकडे बघून म्हणाल्या, “आम्हाला नाही बाई जमणार असं.”

यजमान किटलीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग छत्रीसमोर. मग त्यांनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं चहाचा ट्रे घेऊन बाई उभ्या होत्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यात शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी छत्री पसंत केली आणि पेन पुढं केलं, “चौकटीमागं सही द्या, बिनपट्टीचे!”

यजमानांनी पेन घेतलं. ते बोटांत थरथरलं. दारापाशी जाऊन त्यांनी ते बाईंच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि हळूच म्हणाले, “सहीसुद्धा तूच कर. माझी वाकडी येते.”

ओरडले असते तर परवडलं असतं. चारचौघांत एक शब्द वर नाही की खाली नाही. बाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. सही ठोकून मोकळं होता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण आजी अजून आपल्या हातांकडे बघत बसल्या होत्या.

“हे विकायचं नाही,” बाई म्हणाल्या. “यातली रेघ यांची नाही. मी गिरवलंय. सगळीच गिरवलीत. मला… मला लाज वाटली यांच्या रेघांची.”

पोस्टमास्तर चष्मा पुसत बसले.

“मग काकांचं एकही नाही?” आजींनी विचारलं.

बाई आत गेल्या, कपाटामागून बाविसावा कागद ओढून आणला. त्यावर बाईच होत्या, खुर्चीत झोपलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला. शेकडो रेघा, सगळ्या थरथरत्या, आणि तरी चेहरा हुबेहूब. झोपेत दमलेला. हे त्यांनी कधी काढलं, बाईंना पत्ताच नव्हता. सुधारायच्या नादात आपण आपल्यालाही ओळखलं नाही, हे आत्ता कळलं आणि डोळे भरून आले.

आजी पुढं झुकल्या. “अगं बाई, हे आमच्यातलं आहे. हे द्या मला.”

यजमानांनी कागद टेबलावर ठेवला आणि सही करायला पेन मागितलं. हात थरथरू लागला तशी बाईंनी सवयीनं त्यांची बोटं पकडली.

“हात नको धरूस,” यजमान म्हणाले. “कागद धर.”

बाईंनी कागद धरला.