मास्तरांचा सत्याभास

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. मास्तरांचा विषय निघाला की त्यांचे किस्से सांगून मी हशा मिळवायचो आणि नेमकी ही एक गोष्ट सोडून उठायचो.

अख्ख्या शिवाजी पेठेत दुसऱ्याच्या खोट्यावर इतकं प्रेम करणारा खरा माणूस दुसरा झाला नाही. आमच्या शेजारी राहणारे हे मराठीचे मास्तर स्वतः कधी खोटं बोलत नसत; पण दुसऱ्याचं खोटं कच्चं निघालं, की घासात खडा आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. त्यांचा लाडका शब्द होता 'सत्याभास'. म्हणजे खरं नसूनही खरं वाटणं. वर्गात कुणी "म्हैस सुटली म्हणून उशीर झाला" म्हणालं, तर ते कळवळून सांगत, "अरे, नुसती म्हैस कोण मानेल? एका शिंगाची म्हण. बिनकामाचा एक तपशील टाकला की सत्याभास येतो." कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकदा घोट घेऊन म्हणाले, "याला चहाचा सत्याभास आहे." मालक म्हणाला, "व्हय मास्तर, उद्यापासनं च्या पावडरबी टाकतो की."

सत्तरच्या दशकात आमच्या मंडळाची नाटकं तेच बसवायचे. वर्षभर ते त्यासाठीच जगत. स्टेजवरची भाकरी खरी, चहा वाफाळता. एका स्पर्धेला तर त्यांनी घरच्या भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं. "चालू राहिलं पाहिजे. किल्ली तू द्यायचीस," असं मला बजावलं. सामानाची जबाबदारी माझी होती.

मी विसरलो. तिसऱ्या अंकात म्हातारा बाप कोसळत म्हणाला, "आठ वाजले, गाडी गेली." मागं घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. प्रेक्षकांतून आवाज आला, "बाबा, घड्याळ बघा की. लई येळ हाय अजून." थिएटर हसत सुटलं आणि नाटक तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत जाब विचारला गेला. मास्तर कोपऱ्यात बसले होते. मी म्हणालो, "मास्तरच म्हणाले, टिकटिक संवादांच्या आड येते, किल्ली देऊ नकोस. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते तेव्हा."

सोग्यानं चष्मा पुसणारे मास्तर सगळ्यांनी हजारदा पाहिले होते. सगळ्यांना पटलं. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा काढला, सोग्यानं पुसला आणि हळूच म्हणाले, "चष्मा झकास टाकलास." बाकीच्यांना ती कबुली वाटली. पुढच्या वर्षी मंडळानं दुसरा दिग्दर्शक आणला. मास्तरांनी पुन्हा नाटक बसवलं नाही.

निवृत्तीनंतर ते जयसिंगपूरला लेकीकडं राहायला गेले. दहाएक वर्षांनी मी एसटीनं तिकडं गेलो, वाटभर एकच वाक्य घोकत. ते दारातच आरामखुर्चीत होते, बरेच वाळलेले. "आज इकडं कसा?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "इथं लग्नाला आलो होतो. येताना गाडी पंक्चर झाली, म्हणून उशीर झाला."

"कुठलं चाक?"

"मागचं डावं."

मास्तर समाधानानं हसले. "चहा घेऊन जा," म्हणाले.

चहा घेतला आणि निघालो. त्याच दिवाळीत ते गेले. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. त्यात ना शिंग होतं, ना चष्मा, ना चाक. एवढंच होतं: मास्तर, किल्ली द्यायला मी विसरलो होतो, मला माफ करा.