बाराऐवजी एकोणीस बाइट

रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. हिंडलग्यातल्या घरात हजर दोघंच — मी आणि मुलगी गौरी. यायला हवे होते बारा बाइट, आले एकोणीस. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आकडा जुळला नाही तर चूक माणसाची, हा माझा हिशेब... म्हणूनच लिहिताना संकोच वाटतो.

माझा थोरला भाऊ, अण्णा, निपाणीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. गौरीला सॉकेट प्रोग्रॅमिंग, म्हणजे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात ते, कळावं म्हणून त्यानं स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर C मध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिला आणि तो लॅपटॉप आमच्याकडंच ठेवला. प्रोग्रॅम गौरीच्या लॅपटॉपला जोडला जायचा, शंभर आकडे पाठवायचा आणि शेवटी ‘येतो’ म्हणून बंद व्हायचा. पण ते ‘येतो’ कधी पोचायचंच नाही.

"मुद्दाम चूक ठेवलीया. हुडिक तूच," अण्णा गौरीला म्हणाला होता.

त्याच संध्याकाळी मी त्याला बेळगाव स्टँडवर सोडलं. मागं हॉर्न वाजत होते. त्याचा निरोप न ऐकताच मी स्कूटर काढली. नवव्या दिवशी अण्णा गेला. हार्ट अटॅक. ती स्कूटर काही केल्या मनातून जात नव्हती.

त्या रविवारी गौरी ओरडली, "पप्पा, घावलं! SO_LINGER!"

"म्हंजे काय गं?"

"सॉकेट बंद करताना निरोप पोचेपर्यंत दारात थांबायचं, का तडक निघायचं, ते ह्यात ठरतंय. अण्णांनी वेळ शून्य ठेवलीया. म्हणून वाटेतलं टाकून कनेक्शन तोडतंय."

"तुझ्या बापासारखं," मी म्हणालो.

तिनं शून्याचे पाच सेकंद केले. प्रोग्रॅम चालवला. शंभर आकडे आले, आणि मग ओळ — ‘येतो रं’.

मराठीत दर अक्षराला तीन बाइट, दर मात्रेला आणि अनुस्वाराला आणखी तीन; म्हणजे ‘येतो’चे बारा बाइट, मधल्या जागेचा एक, ‘रं’चे सहा. प्रोग्रॅममध्ये ‘रं’ कुठंच नाही. मी स्वतः तीनदा ओळ न ओळ तपासली. मशीन दोनच, मध्ये एक केबल, नेट बंद. पुन्हा वीस वेळा चालवला — वीसही वेळा बाराच.

"माझ्यासाठी असतं तर ‘येतो गं’ आलं असतं, पप्पा," गौरी हळूच म्हणाली.

मेमरीत जुनं काहीतरी राहिलं असेल, असं तिचे सर म्हणतात. असेल. मला ते पटत नाही, आणि दुसरं कारणही आजवर सापडलेलं नाही. त्या वेळी मात्र मी स्क्रीनकडं बघत, पोरीदेखत, मोठ्यानं म्हटलं — "ये, अण्णा."