एकट्याने न जेवणारं घर

वसईहून निघताना फिलू, माझी मुलगी, म्हणाली, "बाबा, या वेळी तरी खोट काढू नका." तिची चार स्थळं मी मोडली होती. पाचवं सौंसरचं. मुलगा जोसेफ, शाळेत मास्तर. बाप्तिस्मा त्याच्या बापाने घेतलेला, म्हणजे कालपरवाचे कॅथलिक! म्हटलं, पारखून घेऊ.

नागपूरहून पॅसेंजर पकडली, उतरायचं पांढुर्ण्याला. एका स्टेशनवर समोरचा पागोटेवाला म्हणाला, "उतरा ना भाऊ, पांढुर्णा आलं." मला वाटलं, याला माझी खिडकी हवी. हललो नाही. गाडी सुटली तेव्हा पाटी दिसली, पांढुर्णाच! पुढच्या स्टेशनला, तिगावला उतरलो आणि परतीच्या गाडीची वाट बघत स्वतःलाच शिव्या घातल्या.

पांढुर्ण्याहून सौंसरची बस मिळाली. रस्त्यात कापसाच्या गाड्या, दोन्हीकडे संत्र्यांचे बगीचे. स्टँडवरच्या बाईने संत्रं पुढे केलं, "चाखून तं पाहा जी." नक्की आंबट असणार, असं म्हणतच खाल्लं. साखर निघालं. तरी घेतली नाहीत.

जोसेफचं घर सारवलेलं, भिंतीवर क्रूस. मी लगेच जोसेफला विचारलं, "देव किती?"

"एक."

"मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावं तीन कशी?"

तो हसला. "पुरं नाही समजत मले, काका. फादरलेबी विचारून पाह्यलं."

घ्या! पवित्र त्रैक्य माहीत नाही, आणि हा माझा जावई होणार.

त्याची आई मार्थाबाई चुलीपाशी होती. सोल्यांच्या (ओल्या तुरीच्या दाण्यांच्या) भाजीचा वास सुटला होता. भाकरी झाल्या, पण ताट काही येईना. पाहुण्याला उपाशी ठेवायची ही कुठली रीत? "घरधनी कुठे?" मी विचारलं.

"बगीच्यात पाणी सोडून राह्यले. येतच असतीन."

पिऊन पडला असेल, दुसरं काय! पण तो आला तो गुडघाभर चिखलात, शुद्धीवर आणि लाजत. मग मार्थाबाईंनी चार ताटं वाढली. चौथं स्वतःचं, आणि बसल्या आमच्याच पंगतीत.

"राग नका मानू," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी एकटं जेवत नाही. पयले मी मागून, चुलीपाशी जेवो. बाप्तिस्म्याच्या वक्ती फादर म्हणे, देव एक हाय, पण एकटा नाही. बाप हाय, लेक हाय, आत्मा हाय, अन् तिघायची एकमेकांवर माया. मंग यायनंच माह्यं ताट इथं आणलं." त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो आणखी लाजला.

तीच तीन नावं घेत आम्ही क्रुसाची खूण केली. माझा हात खांद्यापाशीच थबकला. जन्मभर ही तीन नावं घेतली, पण ती घेताना मला कधी कोणाचं ताट आठवलं नव्हतं.

भाकरी मोडताना मार्थाबाईंनी सहज विचारलं, "पोरगी इकडे आल्यावर तुमी कोणासंग जेवसान जी?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. चार स्थळं का मोडली, ते या बाईने एका प्रश्नात उघडं पाडलं.

येताना स्टँडवरची संत्री घेतली, न चाखता.

घरी फिलूने माझं ताट वाढलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हं, सांगा. यांच्यात काय खोट निघाली?"

"तुझं ताट घे आधी," मी म्हटलं. ती बसली. मग म्हणालो, "एकही नाही गं," आणि मला रडू फुटलं.